टेप कुणी धरली होती?

परवा क्रेडिट कार्डाच्या यादीत २९ डॉलरची एक अनोळखी नोंद दिसली आणि मी आधी नवऱ्याकडे संशयानं बघितलं. त्याचा काही दोष नव्हता. दोन वर्षं मी जे एनएफएल ड्राफ्ट गाइड घेतेय (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये निवडल्या जाऊ शकणाऱ्या खेळाडूंची माहिती-पुस्तिका), त्यांनी २०२६ च्या अंकाचे पैसे आपले आपणच कापून घेतले होते. तेही सप्टेंबरात, कॉलेजचा मोसम जेमतेम सुरू झालेला असताना. ईमेल केली, तर 'तुमची विनंती आमच्यासाठी मोलाची आहे' असं यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं. पैसे गेलेच आहेत, तर दोन वर्षं वापरून काय वाटलं ते तरी लिहिते. नाव घेत नाही. दोन-तीन माणसांचा घरगुती उद्योग दिसतो, आणि या जातीच्या डझनभर पीडीएफ बाजारात आहेत. त्यातली कुठलीही घेणार असाल तर हे कमीजास्त लागू पडेल.

आधी खुलासा. मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील विरुद्ध खंडोबा येतं, पायानं खेळायचा तो खेळ येतो. हा तो नव्हे. हा अमेरिकेतला, हेल्मेट घालून हातानं खेळायचा. २००९ मध्ये आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहायला आलो, तेव्हा इथली लायन्स टीम नुकतीच एका मोसमात १६ पैकी १६ सामने हरलेली होती. ऑफिसातले लोक सोमवारी सुतकी चेहऱ्यानं यायचे. असल्या टीमच्या प्रेमात पडायला कोल्हापूरकरच पाहिजे. पडले.

हरणाऱ्या टीमचा सण म्हणजे एप्रिलमधला ड्राफ्ट. कॉलेजात खेळणारी पोरं, शाळा संपून तीन वर्षं झालेली, व्यावसायिक टीम ओळीनं निवडून घेतात. आदल्या मोसमात जो सगळ्यात वाईट, त्याचा पहिला नंबर. ३२ टीम, सात फेऱ्या. २०२५ मध्ये एकूण २५७ पोरं निवडली गेली. तेव्हा पहिल्या फेरीत प्रत्येक टीमला विचार करायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांमागं टीमचे लोक वर्षभर मैदानं पालथी घालत असतात, आणि आपल्यासारखे हौशी लोक गाइड विकत घेतात.

माझं निमित्त ऑफिसातली पैज. सात जण, माणशी २० डॉलर. पहिल्या फेरीत कोण कुठल्या टीमला जाईल ते लिहून द्यायचं. २०२४ चा ड्राफ्ट तर चक्क डेट्रॉइटमध्येच होता, म्हणून मी ईर्ष्येनं गाइड घेतलं. चारशेवर पानांची पीडीएफ. प्रत्येक खेळाडूला एक पान. डावीकडं चौकटीत मापं: उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, फोर्टी म्हणजे ४० यार्डांची धाव, उंच उडी, लांब उडी, १०२ किलोचा बार किती वेळा उचलला. उजवीकडं लेखकानं खेळाडूचे सामने पुन्हा पुन्हा बघून लिहिलेला मजकूर. खाली ठळक अक्षरांत गुण, दोन दशांश स्थळांपर्यंत. एकाला ८.४३, दुसऱ्याला ८.३९.

मी क्वालिटीमध्ये आहे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर मोजमापंच बघते. त्यामुळं ८.४३ आणि ८.३९ हे आकडे बघून माझ्या पोटात गोळा आला, पण त्याबद्दल पुढं सांगते. आधी चांगलं.

उजवीकडचा मजकूर फार चांगला आहे. विशेषतः जिथं लेखक खेळाडूचे पाय आणि हात काय करतात एवढंच सांगतो तिथं. टेरियन अरनॉल्डचं उदाहरण घ्या. अलाबामाचा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला चेंडू झेलू न देणारा. गाइडमध्ये लिहिलं होतं की हा अंगाला अंग लावून खेळतो, धाडसी आहे, पण रिसीव्हर निसटतोय असं वाटलं की याचा हात जर्सीकडं जातो. कॉलेजातले पंच सोडतील, वरचे सोडणार नाहीत. ड्राफ्टच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी मी कॅम्पस मार्शस चौकात गर्दीत उभी होते. तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाखांवर माणसं लोटली, ड्राफ्टचा तोवरचा विक्रम तो. लायन्सनी २९ वरून २४ व्या नंबरवर उडी मारली आणि अरनॉल्डचं नाव पुकारलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. आणि मोसम सुरू झाल्यावर पहिल्या काही सामन्यांत पंचांचे नियमभंगाचे पिवळे रुमाल अरनॉल्डच्याच पायाशी पडत राहिले. हात जर्सीला! मी नवऱ्याला पान काढून दाखवलं. असं नेमकं लिहायला माणसानं खरोखर बसून सामने बघितलेले असावे लागतात.

आक्रमणातल्या लाइनवाल्यांची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला पुढं भिंत करणाऱ्यांची, पानं याहून सरस. टीव्हीवर या दीडशे किलोच्या माणसांकडं कुणी बघत नाही. चेंडू जिकडं जातो तिकडं आपले डोळे जातात. गाइड वाचल्यापासून मी लेफ्ट टॅकलचा, म्हणजे त्या भिंतीच्या डाव्या टोकाला उभ्या असणाऱ्याचा, मागचा पाय बघायला शिकले. समोरचा एज रशर चेंडू फेकणाऱ्याला पाडायला बाहेरून वळसा घालून येतो तेव्हा टॅकलला उलट्या पावली सरकायचं असतं, कंबर न वळवता. कंबर लवकर वळली की आतली वाट उघडी पडते. हे एकदा कळलं की सामना दुसराच दिसायला लागतो. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा पहिल्या वर्षीचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता डावीकडची चौकट.

२०२५ च्या ड्राफ्टच्या आधी विल कॅम्पबेल या एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) लेफ्ट टॅकलवर महिनाभर रण माजलं होतं. कशावरून, तर हाताच्या लांबीवरून. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला सगळ्या पोरांची मापं घेतात, त्याला कम्बाइन म्हणतात. १९८७ पासून तिथंच भरतं. तिथं कॅम्पबेलचा हात ३२ ५/८ इंच भरला. टॅकलला ३३ तरी पाहिजेत असा लोकांचा ठोकताळा. मग पुढं त्याच्या कॉलेजच्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजनं स्वतःच भरवलेल्या चाचणीला, परत मोजला, तर बरोबर ३३! गाइडच्या चौकटीत कम्बाइनचा आकडा, खाली मजकुरात 'आखूड हातांमुळे आत गार्ड म्हणून खेळवावा लागेल' आणि त्यासाठी कापलेले गुण. दुसऱ्या मापाचा पत्ताच नाही, कारण पीडीएफ त्याआधी बांधून झालेली.

हे मी आमच्या आबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आबा उद्यमनगरात ३५ वर्षं लेथवर होते, आणि पहाटे तालमीत. त्यांना एनएफएल म्हणजे काय ते आजवर धड कळलेलं नाही, पण गोष्ट बरोबर कळली. म्हणाले, "म्हंजे बत्तीस इंच पाच सूत हुता, त्यो तेहतीस झाला? तीन सूत? ह्या वयात हात वाढतोय व्हय? अगं पोरी, टेप कुणी धरली हुती?"

मी म्हटलं, आबा, टेप म्हणजे इथं सामन्याचं चित्रीकरण. टेप बघणं म्हणजे सामने बघणं. ते म्हणाले, "ते असू दे. मोजायची टेप कुणी धरली हुती ते इचार. खांद्याच्या हाडाला लावली का कातड्याला?"

हाच प्रश्न आहे. हाताचं माप खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घेतात. ते हाड मांसात कुठं लागतं हे मोजणाऱ्याच्या बोटावर. आमच्याकडं एखाद्या शाफ्टचा व्यास किती ते सांगण्याआधी मोजण्याची पद्धतच तपासतात: तेच भाग तीन इन्स्पेक्टरांना, तीन-तीन वेळा, एकमेकांचे आकडे न दाखवता. मोजणाऱ्यामुळं येणारा फरक भागाभागातल्या फरकाएवढा निघाला, तर त्या मापावर भाग नापास करायचा नसतो. आधी गेज दुरुस्त करायचं. इथं एकाच पोराचा एकच हात दोन ठिकाणी तीन सुतांनी वेगळा भरतो, आणि त्यावर कोट्यवधी डॉलरची चर्चा चालते! न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी मात्र त्याला चौथ्याच नंबरवर उचललं आणि लेफ्ट टॅकललाच उभा केला. आमचा लायन्सचा एज रशर एडन हचिन्सन मिशिगन विद्यापीठातून आला तेव्हाही हेच. ३२ इंच १ सूत, 'आखूड'. पहिल्या मोसमात साडेनऊ सॅक (चेंडू फेकायच्या आधीच फेकणाऱ्याला पाडणं), दुसऱ्यात साडेअकरा. त्या हातांनी.

धावेचंही तेच. २०२४ च्या कम्बाइनला झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला आणि जॉन रॉसचा २०१७ चा ४.२२ चा विक्रम मोडला. शतांश सेकंद! आणि तिथं शेवटची रेघ इलेक्ट्रॉनिक असली तरी घड्याळ सुरू होतं ते माणसाच्या अंगठ्यानं. अंगठा आणि शतांश सेकंद. कॉलेजच्या प्रो डेला तर दोन्ही टोकांना अंगठाच असतो. गाइडनं कम्बाइनचे आणि प्रो डेचे आकडे एकाच रकान्यात, एकाच रंगात छापलेत. शेजारी एक छोटा तारा टाकला असता तरी चाललं असतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. २०२४ मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर कम्बाइनलाही पळाला नाही आणि प्रो डेलाही नाही. गाइडनं त्याचा रकाना सरळ कोरा ठेवला. अंदाजे आकडा ठोकून दिला नाही. मला हे फार आवडलं. कोरा रकाना सोडायला धाडस लागतं, हे आमच्या प्लँटमधल्या कुणालाही विचारा.

आता खालचे ठळक गुण. यांच्यापायी मी दोन वर्षं पैज हरले. २०२४ ला मी गाइडची क्रमवारी जशीच्या तशी उतरवून दिली. दोन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे: गाइडच्या हिशेबी ड्रेक मे वरचा आणि जेडन डॅनिएल्स त्याच्या खाली, कारण काय, तर अंगानं काठी, आणि धावताना मार चुकवत नाही. मजकूर खोटा नव्हता, तो खरंच तसा धावायचा. पण वॉशिंग्टननं त्याला दुसऱ्या नंबरवर घेतला. त्याच्या आदल्या मोसमात ४ सामने जिंकलेली ती टीम त्याच्या पहिल्या मोसमात १२ जिंकली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तोच पोरगा आमच्या फोर्ड फील्डवर येऊन १५ सामने जिंकलेल्या लायन्सना ४५-३१ हरवून गेला. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. आमटी तशीच राहिली.

गाइडच्याच पानावर, चौथ्या परिच्छेदात, लिहिलेलं होतं की दबाव आला तरी याची नजर खाली उतरत नाही, लांबचा रिसीव्हर शोधत राहते. मी ते वाचलं होतं. आणि तरीही खालचा आकडा बघून त्याला मेच्या मागं टाकलं. आकड्याचा हा जोर असतो. चार परिच्छेद वाचून जे कळतं ते दोन दशांश स्थळं पुसून टाकतात.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टवर एक गाजलेला अभ्यास केलाय. एकाच जागी खेळणारे दोघं, त्यातला आधी निवडलेला त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना साधारण ५२ टक्के सापडली. नाणं उडवल्यावर ५०. हे कोट्यवधी डॉलर खर्चून, डॉक्टर लावून, मुलाखती घेऊन निवडणाऱ्या टीमचं. तिथं घरात बसून २९ डॉलरची पीडीएफ लिहिणारा ८.४३ आणि ८.३९ मधला फरक कशाच्या जोरावर सांगतो? डॉक्टरी तपासणीचे कागद तर त्याला दिसतही नाहीत, ते टीमच्या कपाटात. 'उत्तम', 'बरा', 'जपून' असे तीन ढीग केले असते तर मी त्याला मानलं असतं.

२०२५ ला मी म्हटलं, आता डोकं वापरू. क्रमवारी बाजूला ठेवली, पण शडूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाणार हे गाइड इतक्या ठामपणे म्हणत होतं की मी त्याला २१ व्या नंबरवर पिट्सबर्गला देऊन टाकला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी पाचव्या फेरीत, १४४ व्या नंबरवर क्लीव्हलँडनं त्याला घेतला. त्या टीमनं तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक आधीच घेतलेला होता! ऑफिसात सोमवारी माझ्या टेबलावर कुणीतरी १४४ आकडा लिहिलेला केक ठेवला. केक चांगला होता. गाइडच्या लेखकानं मात्र नंतर याबद्दल एक ओळ लिहिली नाही, आणि ही माझी खरी तक्रार आहे. पैसे कापण्याहून मोठी. आमच्याकडं भाग नापास होऊन परत आला की कारण शोधून लिहावं लागतं, सही करावी लागते. मागच्या तीन वर्षांतले आपले अंदाज आणि पुढं काय झालं, एवढं एक पान शेवटी जोडा ना. एक पान!

उलट बाजूही सांगते. लायन्सनी २०२५ च्या तिसऱ्या फेरीत पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीच्या दोन संधी घालवून आयझॅक टेस्ला नावाचा रिसीव्हर घेतला, ७० व्या नंबरवर. पोरगा इथला, मिशिगनमधल्या हडसनव्हिलचा. आधी हिल्सडेल या छोट्या कॉलेजात, मग आर्कन्सॉला. गाइडचे गुण बघितले तर तो पाचव्या-सहाव्या फेरीचा माल. ऑफिसात सगळ्यांनी डोक्याला हात लावला, मीसुद्धा. घरी येऊन पान नीट वाचलं. लिहिलं होतं: उंची ६ फूट ४, पळतो झपाट्यानं, चेंडू हाताला लागला की सुटत नाही, पण कॉलेजात याच्याकडं चेंडू फारसे फेकलेच गेले नाहीत. म्हणजे लेखकाला वाईट काही दिसलं नव्हतं, पुरेसं काही दिसलंच नव्हतं. आणि कमी दिसणं आणि वाईट दिसणं या दोन्हींचा आकडा त्यानं एकच काढला. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ग्रीन बेला, आम्ही हरलेलोच होतो, अगदी शेवटी या पोरानं टचडाउनच्या कोपऱ्यात एका हातानं चेंडू ओढून घेतला. त्याच्या कारकिर्दीतला पहिलाच झेल. एका झेलावरून खेळाडू ठरत नाही, मला कळतं. पण तो झेल आबांना पाठवला. त्यांनी सात वेळा बघितला म्हणाले.

बारीकसारीक खटकलेलं: फोनवर ही पीडीएफ वाचता येत नाही, चौकट मजकुरावर चढते. दोनशेव्या पानानंतर वाक्यं तीच ती यायला लागतात. 'शेवटपर्यंत दमत नाही' हे मी ३१ खेळाडूंबद्दल वाचलं, पेनानं मोजून. 'हा अमुक स्टारसारखा' छापाच्या तुलना तर बिनकामाच्या. आणि छोट्या कॉलेजच्या पोरांना अर्धं पान, जिथं खरं तर गाइडची गरज जास्त, कारण त्यांचे सामने आपल्याला टीव्हीवर दिसत नाहीत.

घ्यावं का? पैजेसाठी घेणार असाल तर अजिबात नको, त्यापेक्षा २९ डॉलरच्या चिठ्ठ्या टाका. सामना बघताना डोळे कुठं ठेवायचे ते शिकायचं असेल, किंवा माझ्यासारखी पोरं हायस्कूलला गेल्यामुळं शुक्रवारी रात्री मैदानावर थंडीत बसावं लागत असेल, तर जरूर घ्या. मी आता पानं छापून घेते आणि वाचायच्या आधी नवऱ्याला गुणांवर पिवळी चिकटचिठ्ठी लावायला सांगते. वाचून झाल्यावर माझा ढीग मी ठरवते, मग चिठ्ठी काढते. मजकुराला साडेचार तारे, चौकटीला दोन, गुणांना एक. वेबसाइटवर एकच आकडा द्यावा लागतो म्हणून साडेतीन देतेय, आणि तोही सरासरी काढून आलेला नाही.

विकत घेताना पैसे भरायच्या पानावर अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत एक चौकोन आहे. त्यात बरोबरची खूण आधीच असते. ती काढा. माझ्या दुसऱ्या ईमेलचं उत्तरही तेच आलंय, 'तुमची विनंती आमच्यासाठी मोलाची आहे'.